आवाज येतो, पण कुठल्या क्षणाचा?

एरवी या ब्लॉगवर मी कोलॉइड, श्यानता, सिम्युलेशन असलं काहीतरी सोपं करून सांगायचा प्रयत्न करते. आज विषय वेगळा आहे. आज मी काही सॉफ्टवेअरवर टीका करणार आहे, आणि थोडी स्वतःवरही. विषय म्हणजे टेक्स्ट एडिटर, ज्यात आपण दिवसा कोड आणि रात्री थीसिस लिहितो तो. त्यातलाही एक अगदी छोटा कोपरा: एडिटर जे आवाज वाजवतो ते, आणि ते नीट वाजत नसले की आपण त्यांची दुरुस्ती कशी करतो.

‘एडिटरला आवाज कशाला हवा?’ असं तुमच्या मनात आलं असेल तर मीही तुमच्यातलीच होते. माझ्या लेखी एडिटरचा आवाज म्हणजे चुकीची की दाबल्यावर येणारं ते ‘टिंग’, जे बंद कसं करायचं हे आपण पहिल्याच आठवड्यात शोधून काढतो. ईमॅक्समध्ये तर त्याची रीतसर सोय आहे. रिंग-बेल-फंक्शन नावाच्या व्हेरिएबलला ‘इग्नोर’ ही किंमत द्यायची, की शांतता. माझ्या सेटिंगच्या फाइलमध्ये ती ओळ एम.एस्सी.पासून आहे.

मग आमच्या लॅबमध्ये एक ज्युनियर आला. (नाव देत नाही, पण हे सगळं त्याला वाचून दाखवून, त्याच्या परवानगीने लिहितेय.) त्याला अजिबात दिसत नाही. तो ईमॅक्सच वापरतो, पण त्यावर ईमॅकस्पीक नावाचा बोलणारा थर चढवून. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर येईलच. आमच्याकडे सर्व्हरवर सिम्युलेशन सोडायला आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी ईमॅक्समध्येच एक छोटा मोड लिहिला आहे. रन संपला की यादीत त्याच्यासमोर हिरवी खूण येते, पडला की लाल. आता हिरवी खूण ज्युनियरच्या काय कामाची?

“ताई, तिथे एक आवाज लाव ना,” तो म्हणाला. “संपलं की एक वाजू दे, पडलं की दुसरं.”

मला वाटलं, पंधरा मिनिटांचं काम. त्या पंधरा मिनिटांचे पुढे जवळजवळ तीन महिने झाले, आणि मधे एक अशी चूक झाली जी मला अजून टोचते.

सुरुवात सोपी होती. ईमॅक्समध्ये प्ले-साउंड-फाइल नावाचं फंक्शन तयारच आहे. त्याला वेव्ह फाइलचं नाव द्यायचं, तो वाजवतो. मी घंटेचा तीन सेकंदांचा आवाज लावला. रन संपला, घंटा वाजली, मी खूश. ज्युनियर मात्र खूश नव्हता. घंटा वाजत असताना त्याचा ईमॅक्स गोठत होता. त्या तीन सेकंदांत दाबलेल्या सगळ्या की मागे साठून राहायच्या आणि घंटा थांबली की एकदम अंगावर यायच्या. तो त्या वेळी दुसऱ्याच फाइलमध्ये ओळी खोडत होता. किती खोडल्या गेल्या ते त्याला नंतर मोजून बघावं लागलं.

हे का होतं? ईमॅक्सचा गाभा सी भाषेत आहे आणि बाकीचा डोलारा लिस्पमध्ये. लिस्पचं काम मुख्यतः एकाच धाग्यात चालतं, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट. प्ले-साउंड फाइल उघडतं, तिचे नमुने थोडे थोडे करून साउंड कार्डच्या ड्रायव्हरकडे ढकलतं, आणि शेवटचा नमुना वाजून होईपर्यंत थांबून राहतं. तोवर कीबोर्ड, स्क्रीन, सगळं रांगेत. एवढंच नाही. बाहेर चालू असलेला एखादा प्रोग्रॅम संपला की ईमॅक्स ‘सेंटिनल’ नावाचं फंक्शन बोलावतो, पण तेही ईमॅक्स मोकळा बसलेला असेल तेव्हाच. म्हणजे पहिल्या रनची घंटा वाजत असताना दुसरा रन संपला, तर ती बातमी घंटा संपेपर्यंत ईमॅक्सच्या कानावर येतच नाही. आवाज वाजवण्याची कृतीच पुढच्या आवाजाला उशीर करते.

इथे मला ईमॅक्सशी भांडायचं आहे. हा एखाद्या प्लॅटफॉर्मवरचा अपघात असता तर मी गप्प बसले असते. पण विंडोजसाठीचा कोड पूर्ण वेगळा आहे. तो विंडोजच्या एमसीआय या जुन्या मल्टिमीडिया सोयीला मजकुराच्या स्वरूपात हुकूम पाठवतो, आणि त्या ‘वाजव’ हुकुमाच्या शेवटीही ‘थांब’ असा शब्द जोडलेला आहे. मॅकवर तर ही सोय वर्षानुवर्षं मूळ ईमॅक्समध्ये नव्हतीच, लोक वेगळं पॅकेज घालून काम भागवायचे. दोन वेगळ्या यंत्रणांवर दोनदा कोड लिहिला आणि दोन्हीकडे ‘वाजून होईपर्यंत एडिटरने थांबायचं’ हाच निर्णय झाला, याचा अर्थ एक विशिष्ट समजूत पक्की आहे: आवाज म्हणजे काम झाल्यावरची सजावट. सजावटीसाठी थोडं थांबलं तर काय बिघडतं? ज्याच्यासाठी आवाज हाच स्क्रीन आहे त्याचं बिघडतं, पण तो त्या चित्रात नाहीच.

तरी एका गोष्टीचं श्रेय द्यायला हवं, आणि ते मला फार उशिरा कळलं. थांबणारा आवाज गोठवतो, पण खोटं बोलत नाही. घंटा ऐकू आली म्हणजे ईमॅक्स अजून त्याच क्षणी उभा आहे. दरम्यान काहीही पुढे सरकलेलं नाही. हे लक्षात ठेवा.

मी शोधाशोध केली. अशा बगवर सहज सुचणारं उत्तर एकच: ईमॅक्सने स्वतः वाजवू नये, बाहेरच्या प्रोग्रॅमला सांगावं. लिनक्सवर एप्ले किंवा पीएप्ले असतं. स्टार्ट-प्रोसेस करून ते सोडून द्यायचं आणि आपण आपल्या कामाला लागायचं. केलं. ईमॅक्स गोठायचा थांबला. मी मनातल्या मनात बग ‘बंद’ केला.

त्याच संध्याकाळी ईमॅक्स बंद करताना त्याने विचारलं, काही प्रोसेस अजून चालू आहेत, त्या मारून बाहेर पडू का? ती प्रोसेस म्हणजे माझी घंटा. हे सोडवायला एक ओळ पुरते. त्या प्रोसेसला ‘बाहेर पडताना विचारू नको’ असा झेंडा लावायचा. पण पुढचं सोपं नव्हतं. आम्ही एकदम वीस-वीस छोटे रन सोडतो, आणि इनपुट फाइलमध्ये एक चूक असली की वीसच्या वीस दोन सेकंदांत पडतात. वीस प्रोसेस, वीस आवाज, सगळे एकमेकांवर. गणपतीच्या मिरवणुकीत दोन मंडळं समोरासमोर आली की जे होतं ते. लॅपटॉपवर निदान गोंगाट तरी होत होता. लॅबच्या जुन्या मशीनवर आवाज थेट हार्डवेअरला जोडलेला होता, तिथे एका वेळी एकालाच साउंड कार्ड मिळायचं. पहिला आवाज वाजायचा, बाकीच्या प्रोसेस ‘डिव्हाइस व्यग्र आहे’ असं म्हणून मरायच्या. म्हणायच्या कुणाला? मी त्यांचं आउटपुट वाचतच नव्हते. वीस रन पडले आणि ज्युनियरला ऐकू आला एक.

मग मी तिसरी दुरुस्ती केली. तेव्हा मला ती फार हुशारीची वाटली होती: रांग. आवाज एकावर एक वाजू द्यायचे नाहीत. एक संपला की पुढचा. काही हरवत नाही, काही मिसळत नाही, ईमॅक्स गोठत नाही.

आता काय झालं ते सांगते. एका शुक्रवारी ज्युनियरने बरेच छोटे चाचणीचे रन सोडले होते. ते भराभर संपत होते, आणि प्रत्येकाचा तीन सेकंदांचा आवाज रांगेत साठत होता. मधेच त्याने मोठा रन सोडला, जो त्याला सोमवारी गाइडना दाखवायचा होता. काही वेळाने ‘संपलं’चा आवाज आला. तो आवाज मागच्या चाचण्यांपैकी एकाचा होता. पण त्याला कसं कळणार? आवाज तोच. त्याने आउटपुट फाइल उचलली, पुढच्या विश्लेषणाला दिली, आणि त्या अर्धवट लिहिलेल्या फाइलमधून आलेख काढून घरी गेला.

सोमवारी गाइडनी विचारलं, ही वक्ररेषा अशी अचानक सपाट का होते? त्याला उत्तर देता आलं नाही. सरांनी सगळ्यांसमोर ‘फाइल उघडून बघायची सवय लावा’ असं काहीतरी म्हटलं. म्हणणाऱ्याला त्यातलं ‘बघायची’ लक्षातही आलं नसेल. ज्युनियरने दुपारी माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, “ताई, शुक्रवारी पावणेसहाला जो आवाज आला, तो कुठल्या रनचा होता गं?”

मला सांगता आलं नाही. माझ्या कोडमध्ये ते कुठेच नोंदवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सरांकडे जाऊन चूक माझ्या कोडची होती हे सांगितलं, पण झालेली मीटिंग काही परत होत नाही.

या टीकेतला माझा मुद्दा त्याच्या त्या प्रश्नातूनच निघतो. एडिटरच्या आवाजाचा बग आपण ‘आवाज येतो का?’ या प्रश्नाने तपासतो. येत असेल तर बंद. मी तीनदा तेच केलं. पण एडिटरमधला आवाज म्हणजे गाणं नव्हे. तो एका क्षणाबद्दलचं विधान असतो. ‘आत्ता हे संपलं.’ ‘या ओळीवर चूक आहे.’ त्यातला ‘आत्ता’ किंवा ‘या’ काढून घेतला की उरलेलं विधान खोटं होतं, आणि स्पष्ट, खणखणीत वाजलेलं खोटं हे शांततेपेक्षा वाईट. तीन सेकंद गोठणाऱ्या मूळ फंक्शनने ज्युनियरच्या काही ओळी खाल्ल्या असतील. माझ्या सुधारित आवृत्तीने त्याला खोटं सांगितलं.

या विषयावर संशोधन नाही असं अजिबात नाही. विल्यम गेव्हर यांनी १९८६ मध्ये ‘श्राव्य आयकॉन’ ही कल्पना मांडली: संगणकातल्या घटनांना रोजच्या जगातले आवाज द्यायचे, कारण आपले कान आवाजावरून वस्तू ओळखायला सरावलेले असतात. १९८९ च्या सॉनिकफाइंडरमध्ये त्यांनी मॅकच्या फाइंडरला असे आवाज दिले. मोठ्या फाइलचा आवाज खर्जातला, छोटीचा वरच्या पट्टीतला. त्याच वर्षी मीरा ब्लॅटनर आणि सहकाऱ्यांनी ‘इअरकॉन’वर लेख लिहिला: रोजच्या आवाजांऐवजी छोटे, रचलेले सूर, शिकून घ्यायचे. तेव्हापासून यातलं काय चांगलं यावर बराच खल झाला आहे. तो खल मी आवडीने वाचला, पण त्यातलं बरंचसं आवाज कसा असावा याबद्दल आहे. मला अडचण आली ती त्याच्या आधीच्या पायरीवर: जुना आवाज अजून वाजत असताना नवी घटना घडली तर काय करायचं?

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण प्रत्येक एडिटरला याचं काहीतरी उत्तर द्यावंच लागतं, मग त्याने विचार केलेला असो वा नसो. ईमॅक्सचं उत्तर: नव्याने थांबावं. माझी पहिली पळवाट: दोघांनी एकत्र ओरडावं. दुसरी: नव्याने रांगेत उभं राहावं.

व्हीएस कोडचं उत्तर वेगळं आहे. त्यात हल्ली ‘ॲक्सेसिबिलिटी सिग्नल’ नावाची बरीच मोठी सोय आहे. आधी तिला ‘ऑडिओ क्यू’ म्हणत. ओळीवर चूक आहे, ब्रेकपॉइंट आहे, घडी घातलेला भाग आहे, टास्क पूर्ण झालं, अशा गोष्टींना वेगवेगळे छोटे आवाज. स्क्रीन रीडर चालू आहे असं दिसलं की ते आपोआप सुरू होऊ शकतात, आणि सगळ्यांची यादी उघडून एकेक ऐकून बघता येते. ही यादी मला फार आवडली. आवाजांचा शब्दकोश हवाच, नाहीतर माणूस शिकणार कसा? आवाजाऐवजी किंवा आवाजासोबत स्क्रीन रीडरला मजकुराची घोषणाही देता येते, म्हणजे ब्रेल डिस्प्ले वापरणारेही बाहेर राहत नाहीत.

पण त्याचा कोड उघडून बघा (तो खुला आहे). सध्या वाजत असलेल्या आवाजांचा एक संच तिथे ठेवलेला आहे. मागितलेला आवाज त्या संचात आधीच असेल, आणि त्याला एकाच वेळी अनेकदा वाजायची खास मुभा दिलेली नसेल, तर नवी मागणी गुपचूप टाकून दिली जाते. गोंगाटाच्या बगवर हे नेमकं औषध आहे, आणि पुष्कळदा योग्यही. वीस रन पडले तर वीसदा कोण ऐकणार? मात्र अर्थाच्या बाजूने बघितलं तर ‘तोच आवाज’ म्हणजे ‘तीच घटना’ असं यात गृहीत धरलं आहे. लागोपाठच्या दोन घटनांचा प्रकार एक असेल, पण त्या दोन आहेत. टाकून दिलेल्या दुसरीचा कुठे पत्ता लागत नाही. डोळ्यांनी काम करणाऱ्याला दोन लाल रेघा दिसतातच. कानांनी करणाऱ्याला एकच घटना मिळते आणि दुसरी घडलीच नाही असं वाटतं. टाकायला माझी हरकत नाही. टाकल्याचं कळायला हवं.

आता ईमॅकस्पीक. हे टी. व्ही. रामन यांचं काम. त्यांची दृष्टी काचबिंदूने चौदाव्या वर्षी पूर्ण गेली. गणिताची पदवी पुणे विद्यापीठातून, मग आयआयटी मुंबई, आणि १९९४ मध्ये कॉर्नेलमधून पीएचडी. त्यांचा प्रबंध लॅटेकमधलं गणित आवाजात कसं मांडायचं यावर होता. त्या प्रणालीचं नाव ॲस्टर, आणि त्यांच्या मार्गदर्शक कुत्रीचंही. ईमॅकस्पीक १९९५ मध्ये आलं. पुण्यात शिकलेल्या माणसाचं इतकं मूलभूत काम, आणि मला त्याचं नाव पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी एका ज्युनियरकडून कळावं, याची मला लाज वाटते. असो.

ईमॅकस्पीकमध्ये बोलण्याचं काम वेगळा प्रोग्रॅम करतो, त्याला स्पीच सर्व्हर म्हणतात. ईमॅक्स त्याला साध्या पाइपमधून जवळजवळ एकेका अक्षराचे हुकूम पाठवतो. ‘क्यू’ म्हणजे हे रांगेत घाल, ‘डी’ म्हणजे रांगेतलं बोलायला लाग, ‘एस’ म्हणजे ताबडतोब थांब. श्राव्य आयकॉनही त्याच रांगेत घालता येतो, त्यामुळे शब्द आणि खूण आपापल्या जागी पडतात. गोठण्याचा प्रश्न संपला, कारण ईमॅक्स वाजवतच नाही. पण मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ‘एस’. तुम्ही पुढच्या ओळीवर गेलात की आधीच्या ओळीचं उरलेलं वाचन तिथेच कापलं जातं. ज्युनियरच्या शेजारी बसून ऐका: अर्धे शब्द, पाव शब्द, सटासट तुटत जातात. मला आधी वाटायचं की हे बिघडलेलं आहे. उलट आहे. कर्सर जिथे नाही तिथला आवाज उरूच द्यायचा नाही, हा तिथला नियम आहे. आवाजाला क्षण असतो हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. आयकॉन इतके छोटे ठेवलेत की ते तोडायची वेळच सहसा येत नाही. माझी तीन सेकंदांची घंटा तिथे कुणी पाच मिनिटंही सहन केली नसती.

मग ईमॅकस्पीक निर्दोष आहे का? मुळीच नाही, आणि ज्युनियरची त्यावरची टीका माझ्यापेक्षा तिखट आहे. ईमॅकस्पीक ईमॅक्सच्या आज्ञांना ‘ॲडव्हाइस’ जोडतं: मूळ आज्ञा चालली की लगेच आपलं बोलण्याचं फंक्शन चालवायचं. त्यामुळे त्याला स्क्रीनवरची अक्षरं वाचून अंदाज बांधावा लागत नाही, कुठली आज्ञा चालली हे आतून माहीत असतं. फायदा मोठा आहे. पण प्रत्येक पॅकेजसाठी कुणीतरी बसून ती जोडणी लिहायला लागते. डायर्डसाठी आहे, ऑर्गसाठी आहे, आणखी पुष्कळांसाठी आहे. माझ्या लॅबमधल्या घरगुती मोडसाठी कुठून असणार? नेमक्या त्या भोकात माझी घंटा जाऊन बसली. वर ते बसवणं हे वेगळंच दिव्य. आवाज कुठल्या प्रोग्रॅमने वाजवायचा याचे पर्याय वापरणाऱ्यावर सोपवलेले, आणि वितरण बदललं की जुनं उत्तर चालत नाही. ज्याला आवाजाशिवाय मशीन वापरता येत नाही त्याने आवाज चालू नसताना आवाज दुरुस्त करायचा, हे कोडं कुणीच नीट सोडवलेलं नाही. आमच्याकडे ते मी सोडवते, म्हणजे त्याच्या शेजारी बसून एररची ओळ वाचून दाखवते. दर वेळी तो ‘सॉरी’ म्हणतो आणि दर वेळी मला वाटतं की ते दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं.

आता उशिराबद्दल थोडं गणित, कारण ‘वेळेवर’ म्हणजे किती हे सांगितल्याशिवाय ही टीका अर्धवट राहील. आवाज साउंड कार्डला एकेक नमुना करून जात नाही, बफर भरून जातो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद आणि ४,०९६ चा म्हणजे सुमारे ९३. गाणं ऐकताना याने काही फरक पडत नाही. मोठा बफर उलट बरा, तुटत नाही. पण ओळीवरून ओळीवर भराभर जाणाऱ्याला ९३ मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ एक की. त्यात नवी प्रोसेस सुरू व्हायचा वेळ, फाइल उघडायचा वेळ, आणि ब्लूटूथ असेल तर त्याचा वेगळा उशीर. ‘या ओळीवर चूक आहे’ हे पुढच्या ओळीवर ऐकू येतं. कुठल्याही एका भागात बग नाही. मिळून मात्र आहे.

आणि एक बग असा, जो मी दोन आठवडे माझ्याच कोडमध्ये शोधत होते. छोटे आवाज कधी वाजायचे, कधी नाही. लागोपाठ वाजवले तर हमखास वाजायचे. म्हणजे मी चाचणी घ्यायला बसले की सगळं ठीक. शेवटी कळलं की वीज वाचवायला लिनक्सचा ड्रायव्हर साउंड चिप झोपवतो. थोडा वेळ शांतता राहिली की चिप झोपते, आणि जागी होताना पहिला तुकडा गिळून टाकते. तीन सेकंदांच्या घंटेत कुणाच्या लक्षात येत नाही. दशांश सेकंदाचा आयकॉन मात्र अख्खा गायब. ड्रायव्हरचं पॉवर-सेव्ह बंद करून ते सुटलं. ही तक्रार स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची नेहमीचीच आहे. विंडोजवरच्या एनव्हीडीएमध्ये तर बोलणं संपल्यावर साउंड कार्ड किती वेळ जागं ठेवायचं याची सेटिंग आहे, आणि त्याआधी लोक ॲड-ऑन वापरून मागे सतत शांतता वाजवत ठेवायचे. खरंच, शून्यांची धार. मला हा उपाय जुगाड म्हणून हसू आणणारा वाटला होता. आता वाटतं की ‘मी जिवंत आहे, फक्त सांगण्यासारखं काही नाही’ असं म्हणणारी शांतता आणि ‘मी मेलोय’ अशी शांतता यांतला फरक तेवढ्या लोकांनीच गंभीरपणे घेतला.

या बगच्या चाचण्या लिहिणं अवघड आहे हे मला मान्य आहे. ज्या सर्व्हरवर चाचण्या चालतात त्यांना साउंड कार्ड नसतं. पण अल्साचं लूपबॅक मॉड्यूल आहे: एका टोकाला वाजवा, दुसऱ्या टोकाने रेकॉर्ड करा. घटनेची वेळ आणि रेकॉर्डिंगमध्ये आवाज सुरू झाल्याची वेळ शेजारी ठेवली की उशीर मोजता येतो, गाळलेले आवाजही दिसतात. मी आमच्या मोडसाठी हे केलं आणि माझ्या ‘बंद’ झालेल्या बगांपैकी एकही खरा बंद नव्हता हे पहिल्याच रात्री कळलं.

सध्या आमचा मोड असा आहे. घंटा गेली, दोन छोटे सूर आले, ज्युनियरने निवडलेले. रांग आहे, पण घटनेला दोन सेकंद होऊन गेले असतील तर तिचा आवाज वाजत नाही, तिची नोंद राहते. एकाच प्रकारच्या घटना ढिगाने आल्या तर एकदा सूर वाजतो आणि मग ‘वीस पडले’ असं बोललं जातं, आकड्यासकट. सुरानंतर रनचा क्रमांक येतो, त्यामुळे कुठला संपला हा प्रश्न उरत नाही. आणि एक की त्याने मागून घेतली: ती दाबली की शेवटच्या दहा घटना वेळेसकट वाचून दाखवल्या जातात, वाजलेल्याही आणि न वाजलेल्याही. मला वाटलं होतं तो ती अधूनमधून वापरेल. तो दर वेळी फाइल उचलायच्या आधी वापरतो.

“आवाजावर विश्वास नाही का आता?” मी विचारलं.

“आहे की,” तो म्हणाला. “पण तुझ्या कोडचं काय सांगू, ताई.”

ब्लूटूथ हेडफोनचा बग अजून उघडाच आहे. हेडफोन स्वतःच झोपतो आणि तिथे माझा हात पोचत नाही. प्रत्येक सुराआधी थोडी शांतता जोडून बघितली. सूर वाचला, पण तेवढा उशीर वाढला, आणि लूपबॅकच्या आकड्यांत ब्लूटूथचा भाग येतच नाही. ज्युनियरने सध्या वायरवाला हेडफोन आणलाय, ज्याची वायर खुर्चीच्या चाकात दोनदा अडकून झालीय.